शेवटचा भाग पाहायला पोलादपूरला

प्रवासवर्णन म्हणावे असा हा प्रवास नाही, आणि ते लिहावे असा मीही नाही. साताऱ्याहून पोलादपूर म्हणजे एक घाट चढणे आणि एक उतरणे. लोक विलायतेला जाऊन येतात आणि लिहितात, ते वाचायला बरे वाटते. आमच्या घरात पत्राखेरीज कोणी काही लिहिलेले नाही. वडील पिठाच्या गिरणीत आहेत आणि त्यांना सही करायला मी शिकवले, मी अकरावीत असताना. तेव्हा कोणी म्हणाले की तुला हे सांगितले कुणी, तर माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढेच, की राग उतरला म्हणजे लिहू नये आणि विसरून जावे असे ठरवून मी पाच महिने थांबलो. तो उतरला नाही.

गुरुवार, घाट

वसतिगृहात माझ्या खोलीत सुधाकर नावाचा मुलगा राहतो, तो पोलादपूरचा. त्यानेच मला वर्षभर वेड लावले होते. त्यांच्या गावाबाहेरच्या बौद्धवाडीत शांतारामदादा म्हणून एक गृहस्थ राहतात. ते जहाजावर इंजिनखात्यात कामाला असतात. त्यांचे जहाज एकदा दुरुस्तीसाठी जपानच्या गोदीत सात महिने पडून होते. तिथल्या एका वेल्डरशी त्यांची दोस्ती झाली, त्याच्या घरी जाऊन-येऊन ते जपानी बोलायला शिकले, आणि परत येताना टीव्ही, व्हिडिओ आणि एका मालिकेच्या कॅसेटी घेऊन आले. मालिका चित्रांची, म्हणजे कार्टूनची, पण लहान मुलांची नव्हे. या वर्षी ते लांब सुट्टीवर घरी होते, तेव्हा दर रविवारी दुपारी दादा एक भाग लावत आणि वाडीतली, पोलादपुरातली चाळीस-पन्नास माणसे तो पाहून संध्याकाळपर्यंत भांडत. सुधाकर सुट्टीवरून आला की ती भांडणे मला सांगे, आणि आम्ही दोघे खोलीत पुन्हा भांडत असू. मी न पाहिलेल्या गोष्टीवर इतका कधी बोललो नव्हतो.

दिवाळीच्या सुट्टीत सुधाकरचे पत्र आले की शेवटचा भाग एका दुसऱ्या खलाशाबरोबर पोहोचला आहे. मी घरी आईला सांगितले की मित्राकडे चाललो.

महाबळेश्वरच्या पुढे गाडी आंबेनळी घाट उतरायला लागली आणि माझ्या शेजारचा माणूस डोळे मिटून बसला, तेव्हाच मी समजायला हवे होते. तिसऱ्या वळणावर माझी पिशवी सीटखालून सुटली आणि आईने दिलेल्या लोणच्याची बरणी फुटली. पोलादपूरला उतरलो तेव्हा माझा एकमेव चांगला सदरा कैरीच्या लोणच्याच्या रंगाचा झाला होता. सुधाकरची आई हसली नाही. तिने तो सदरा सावित्री नदीवर नेऊन धुतला, डाग राहिलाच. पुढचे पाच दिवस मी सुधाकरचा सदरा घातला. तो मला काखेत काचत होता.

शुक्रवार, वाडी

आमच्याकडे फलटणच्या बाजूला भाकरी म्हणजे ज्वारीची किंवा बाजरीची. इथे तांदळाची, पांढरी, मऊ, आणि दोन खाऊनही आपण काही खाल्ले असे मला वाटेना. ते बोललो तर सुधाकरची आई म्हणाली, मग पाच खा. भाताची कापणी चालू होती, सगळीकडे ओल्या पेंढ्याचा वास होता.

शांतारामदादांच्या घरी गेलो तेव्हा ते कौलांवर चढले होते. सुमनवहिनी, त्यांची पत्नी, ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला विचारले की आधीचे भाग पाहिलेत का. नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग बसा, वाल सोला, तेवढ्यात होईल सांगून.

त्या दुपारी मी सुमारे दोन शेर वाल सोलले आणि मालिकेची कथा ऐकली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. दोन चंद्र असलेल्या एका दूरच्या ग्रहावर खाणकामगारांची वस्ती आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या कामगाराची मुलगी खाणीत दबून मरते. वस्तीतले तंत्रज्ञ तिच्या सगळ्या आठवणी एका यंत्रात भरतात, यंत्राला तिचे रूप देतात आणि बापाची देखभाल करायला पाठवतात. बाप तिच्या हातचे जेवतो, पण तिला नावाने हाक मारत नाही. प्रत्येक भागात ती वेगळ्या माणसाला एकच विचारते, की मी तीच आहे का. डॉक्टरला विचारते, मैत्रिणीला विचारते, जिचे खोदकामाचे यंत्र मुलीवर कोसळले त्या बाईलाही विचारते. बापाला मात्र विचारायचे धाडस तिला होत नाही. शेवटच्या भागात ती त्याला विचारणार, हे आधीच्या भागाच्या अखेरीला कळले होते. तो काय म्हणेल, यावर वाडीत तीन महिने वाद चालला होता.

मी वहिनींना विचारले की दादांना तर माहीत असेल. त्या म्हणाल्या, नाही. त्यांचा नियमच आहे. पुढचा भाग कोणीच आधी पाहायचा नाही, मालकानेसुद्धा नाही. कॅसेट आल्यापासून धान्याच्या कणगीत ठेवली आहे.

शनिवार, आधीचा भाग

माझ्यासाठी म्हणून दादांनी शनिवारी दुपारी आधीचा भाग पुन्हा लावला. दुपारीच, कारण संध्याकाळी दिवे लागले की वीज मंद होते.

त्यांची पद्धत मला लिहून ठेवायची आहे. टीव्हीच्या डाव्या बाजूला ते उभे राहतात. पात्र बोलले की यंत्र थांबवतात, मराठीत सांगतात, पुन्हा चालू करतात. बापाचे बोलणे खालच्या आवाजात, मुलीचे साध्या आवाजात, नाटकीपणा काही नाही. आणि एखादे वाक्य समजले नाही तर सरळ म्हणतात, "हे मला नाय कळलं," आणि पुढे जातात. अख्ख्या भागात ते असे चार वेळा म्हणाले. आमच्या महाविद्यालयात इतक्या वर्षांत हे वाक्य मी एकाही व्याख्यानात ऐकलेले नाही.

टीव्हीजवळ एक लोखंडी ठोकळा होता, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा. वहिनी त्याला पाटा म्हणत. तिकडची वीज आपल्यापेक्षा निम्म्याहून कमी जोराची असते, तेव्हा आपली वीज या ट्रान्सफॉर्मरमधून उतरवून मग टीव्हीला द्यावी लागते, असे दादांनी मला समजावले. त्याच्याशिवाय यंत्र जळेल.

भाग संपल्यावर भांडण सुरू झाले. पोलादपूरचे एक शेतकरी, धोंडूकाका, पुढे मांडी घालून बसले होते. ते वर्षभर न चुकता येतात. चहा आला की मात्र ते दरवेळी नुकताच घरून पिऊन आलेले असतात. ते मी पाहिले आणि सुधाकरने मान खाली घातली, तेही पाहिले. काकांचे म्हणणे असे की आत्मा गेला म्हणजे मुलगी गेली, आता उरले ते भांडे. त्यावर वहिनी आतून चहाची कपबशी घेऊन येता येता म्हणाल्या, "काका, तुमची सव्वाआठची गाडी रोज येते ना? कधी डबा येगला, डायवर येगला, कंडक्टर येगला. तरी तुम्ही सव्वाआठचीच म्हनता."

"गाडीला आत्मा नाय गो."

"मंग रोज नाक्यावर उभं राहून वाट कुनाची बघता?"

सगळे हसले. काकाही हसले, पण हरले नाहीत. ते म्हणाले की गाडीने कधी विचारले नाही की मी तीच का. ही पोरगी विचारते. ज्याला असे विचारावेसे वाटते ते भांडे कसे, हे मला समजत नाही, आणि म्हणून मला झोप लागत नाही. दादा म्हणाले की त्यांना असे वाटते की प्रश्न मुलीचा नाहीच, बापाचा आहे. ती कोण हे तिच्या आत शोधून सापडणार नाही, तिला हाक कोण मारतो त्यावर ते ठरेल. पण हा माझा अंदाज, उद्या कळेल, असेही ते म्हणाले.

उद्या म्हणजे महाडला. हे मला तेव्हाच कळले. महाडच्या एका अभ्यास मंडळाच्या कानावर ही मालिका गेली होती. त्यांचे एक प्राध्यापक मध्यंतरी दोन रविवार वाडीत येऊन बसले होते, वहीत लिहून घेत होते. आता मंडळाने सभागृहात कार्यक्रम ठेवला होता. दादांना आनंद झाला होता, तो लपत नव्हता. शेवटचा भाग मोठ्या सभागृहात, दोनशे माणसांपुढे सांगायचा म्हणून त्यांनी पांढरी पँट इस्त्रीला दिली होती. आमंत्रणपत्रिका त्यांच्याकडे आलेली नव्हती, पण आपल्याच कार्यक्रमाला आमंत्रण कशाला, असे ते म्हणाले.

रविवार, महाड

सकाळी मंडळाची जीप आली. दोन स्वयंसेवकांनी टीव्ही, व्हिडिओ आणि कॅसेट गोधडीत गुंडाळून ठेवले. दादा बसायला गेले तर म्हणाले की जागा नाही, तुम्ही एसटीने या. जीपमध्ये मागची अख्खी बाकडी रिकामी होती, मी डोळ्यांनी पाहिली. दादांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त सांगितले, "मी येईपर्यंत काय चालू करू नका." दोघांनी माना हलवल्या. लोखंडी ठोकळा दादांनी स्वतःजवळ ठेवला, जीप आदळली तर तारा तुटतील म्हणून. गाडीत तो त्यांच्या मांडीवर होता, आणि त्याने पांढऱ्या पँटवर गंजाचा चौकोन उमटला.

महाडला पोहोचल्यावर वेळ होता, तेव्हा दादा आम्हाला चवदार तळ्यावर घेऊन गेले. ठोकळा सुधाकरच्या हाती देऊन ते पायऱ्या उतरले, ओंजळभर पाणी प्यायले आणि वर आले. वहिनीही प्यायल्या. मीही प्यायलो.

सभागृहाच्या दारात पत्रिका मिळाली. मी ती जपून ठेवली आहे. वर मालिकेतील तत्त्वज्ञानावर प्राध्यापकांचे विवेचन, खाली अध्यक्षांचे नाव, प्रमुख पाहुण्यांचे नाव, स्वागत करणाऱ्याचे, आभार मानणाऱ्याचे, ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्याचेही नाव. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत, "चित्रफीत व यंत्रसामग्री: पोलादपूर येथील एक ग्रामस्थ यांच्या सौजन्याने."

दादांनी ते वाचले. पत्रिकेची घडी घातली आणि खिशात ठेवली. दारातल्या स्वयंसेवकाला त्यांनी विचारले की मी कुठे उभा राहू. तो म्हणाला, उभे कशाला, मागे खुर्च्या आहेत. सांगणार कोण, असे विचारल्यावर कळले की सांगायची गरज नाही. प्राध्यापक आधी अर्थ समजावतील, मग चित्रे नुसती दाखवली जातील.

शेवटून दुसऱ्या रांगेत आम्ही चौघे बसलो, ठोकळा दादांच्या पायाशी. टीव्ही व्यासपीठावर टेबलावर होता, त्यावर हार घातला होता. अध्यक्ष बोलले, पाहुणे बोलले, शाल झाली, नारळ झाला. मग प्राध्यापक उठले. त्यांनी सांगितले की हे सगळे मुळात आपलेच आहे, तिकडे गेले आणि यंत्र होऊन परत आले. दुसऱ्या भागात मुलगी म्हणते की मी अमर आत्मा आहे, असेही ते म्हणाले. दादा माझ्या कानाशी म्हणाले, "असं ती कुठंच म्हनत नाय रे." आणि त्यांनी उभे राहून हात वर केला.

सूत्रसंचालकांनी व्यासपीठावरून हाताने खाली बसा अशी खूण केली.

थोड्या वेळाने एक स्वयंसेवक वायर घेऊन टेबलामागे गेला. तिकडची पिन इकडच्या भिंतीत बसत नाही. मला नंतर कळले की त्यांनी सकाळीच जुनी पिन कापून बाजारातली नवी लावून ठेवली होती. दादा ताडकन उभे राहिले, ठोकळा दोन्ही हातांत उचलला आणि मधल्या वाटेने पुढे निघाले. थांबा, असे ते म्हणाले. सूत्रसंचालक ध्वनिक्षेपकातून बोलले, सगळ्या सभागृहाला ऐकू गेले: "प्रश्नोत्तरे शेवटी आहेत. सामान घेऊन मध्ये फिरू नका, बसून घ्या."

लोक वळून पाहायला लागले. काही हसले. एकाने वाटेत पाय आडवा धरला. दादा पुन्हा म्हणाले, आधी हे लावा, आणि ठोकळा वर उचलून दाखवला.

आता माझे सांगतो. मी रांगेच्या कडेला होतो. मला सगळे माहीत होते, कालच समजावले होते. मी महाविद्यालयातला मुलगा, माझे शब्द त्यांच्यासारखे आहेत, मी ओरडलो असतो तर कदाचित त्यांनी ऐकले असते. मी काय करत होतो? मी मनात वाक्य जुळवत होतो. महोदय, व्यत्ययाबद्दल क्षमस्व, परंतु. परंतुच्या पुढे काय म्हणावे हे ठरत होते तेवढ्यात बटण दाबले गेले.

एक फट् असा आवाज झाला. टीव्हीच्या मागून निळसर धूर वर आला, हाराची फुले हलली, आणि जळक्या रबराचा वास शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला. पडद्यावर काहीच आले नाही.

मला वाटले आता सगळे थांबेल. दोन मिनिटे गडबड झाली, खिडक्या उघडल्या. मग सूत्रसंचालकांनी जाहीर केले की तांत्रिक अडचणीमुळे चित्रफीत दाखवता येत नाही, तरी प्राध्यापक महोदयांचे विवेचन पुढे चालू राहील. आणि ते चालू राहिले. जे कोणी पाहिले नव्हते त्याच्या शेवटाचा अर्थ त्यांनी आणखी वीस मिनिटे सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दादा व्यासपीठाच्या पायरीशी उभे होते, ठोकळा अजून हातात. स्वयंसेवक खाली आला आणि त्यांना म्हणाला, "अहो, आधी सांगायचं नाही का?"

वहिनी मागून आल्या होत्या. "दोनदा उभे राहिले ते," त्या म्हणाल्या. "दोनशे मान्सांनी बघितलं. तुला एकट्याला दिसलं नाय व्हय?"

तो म्हणाला की बाई, आवाज चढवू नका, हे सभागृह आहे.

सोमवार आणि मंगळवार

सोमवारी आधीच ठरल्याप्रमाणे सुधाकर मला रायगडावर घेऊन गेला. गडाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे आणि माझ्याकडून ते होणार नाही, कारण मी पायऱ्या मोजतही नव्हतो आणि दऱ्या पाहतही नव्हतो. हिरकणीवाडीत एका बाईने पिठले-भाकरी वाढली. आम्ही दोघे इतके तावातावाने बोलत होतो की तिने विचारले, कोर्टात केस हाय काय तुमची?

मंगळवारी दादांबरोबर महाडच्या एका व्हिडिओवाल्याकडे गेलो. कॅसेट शाबूत निघाली होती, पण ती तिकडच्या पद्धतीची, म्हणून इथल्या यंत्रावर तिच्यात पट्ट्याच दिसत होत्या आणि आवाज ओढल्यासारखा, जड. दादांनी कान लावून ऐकले, मान हलवली. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने टीव्ही आणि व्हिडिओ, दोन्हींची झाकणे उघडली, आत पाहिले आणि पुन्हा बंद केली. हा माल मुंबईतही मिळणार नाही, असे तो म्हणाला.

दादांची सुट्टी संपत आली होती. मला निरोप देताना ते एवढेच म्हणाले की टीव्हीचे काही नाही, पण काकांना झोप लागायला हवी होती.

साताऱ्याहून मी मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. तीन मसुदे केले, कारण पहिल्या दोनांत फारच क्षमा मागितली गेली होती. तिसऱ्यात शांतारामदादांचे पूर्ण नाव, गाव आणि त्यांनी वर्षभर काय केले ते लिहिले, आणि कार्यक्रमात ते नाव का घेतले नाही असे विचारले. उत्तर आले नाही. जानेवारीत मंडळाचे वार्षिक वृत्त छापून आले, सुधाकरने आणून दाखवले. त्यात प्राध्यापकांचे अख्खे भाषण आहे, आणि कार्यक्रम उत्साहात पार पडला असे आहे. त्यात ग्रामस्थसुद्धा उरलेला नाही.

हे लिहायला पहिल्यांदा बसलो ते त्या दिवशी. पण अर्धे झाल्यावर सोडून दिले होते, कारण थांबायचे ठरले होते आणि रागापलीकडे सांगण्यासारखे काही नव्हते. सुधाकर शिमग्याला गावी गेला, तिकडून त्याचे पत्र गेल्या सोमवारी आले.

दादांचे जहाज पुन्हा त्या बंदराला लागले. वेल्डर मित्राच्या घरी बसून त्यांनी शेवटचा भाग पाहिला. जहाजावरची माणसे घरी बोलती कॅसेट पाठवतात, खुशाली टेपवर बोलून, कारण पत्र वाचून घ्यायला लागते आणि आवाज सगळ्यांना ऐकता येतो. दादांची तशी कॅसेट वाडीत पोहोचली. वहिनींनी लावली तर तिच्यात खुशाली दोनच वाक्यांची होती. बाकी सगळा शेवटचा भाग होता, पाऊण तास, बापाचे बोलणे खालच्या आवाजात आणि मुलीचे साध्या. भाग सुरू होतो हे कळताच वहिनींनी टेप थांबवला आणि रविवार येईपर्यंत कॅसेट कणगीत ठेवली.

महाडच्या मंडळाला कुठूनसे कळले. त्यांचा माणूस कोरी कॅसेट घेऊन आला, नक्कल हवी म्हणून, संग्रहासाठी. वहिनी म्हणाल्या, नक्कल नाय. रविवारी या आणि सगल्यांबरोबर खाली बसून ऐका. तो गेला, रविवारी आला नाही.

बाकीचे आले. घरात मावेनात म्हणून टेप ओटीवर ठेवला आणि माणसे अंगणात बसली. धोंडूकाका सगळ्यात पुढे. बापाने काय उत्तर दिले ते सुधाकरने पत्रात लिहिलेले नाही, तू उन्हाळ्यात येऊन स्वतः ऐक म्हणतो. सुरुवात मात्र त्याने शब्दन् शब्द उतरवली आहे:

"मी शांताराम, पोलादपूरच्या वाडीतला, बोलतोय. हा शेवटचा भाग मी बघितला. आता सांगतो."

पुढे पाऊण तास टेप चालला आणि अंगणातून कोणी उठले नाही, असे तो लिहितो.